लेम्निट्सबाईंचा बोलका खुबा

बर्लिनच्या मोआबिट भागातल्या आमच्या मागच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर एडेलट्राउड लेम्निट्स एक्केचाळीस वर्षं राहिल्या. दोन खोल्या, एक स्वयंपाकघर, चौकाकडे उघडणारी खिडकी आणि कोपऱ्यात खोली तापवायची, छतापर्यंत गेलेली हिरव्या फरश्यांची कोळशाची शेगडी, एवढाच त्यांचा संसार. नवरा एर्विन जाऊन बारा वर्षं झाली होती. मुलगी मारेन शहराच्या पश्चिम टोकाला, श्पांडाऊला, नवऱ्याच्या घरी. बाई ठेंगण्या, वजन चौसष्ट किलो, नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. बर्लिनमध्ये फटकळ असण्याला कुणी दोष मानत नाही, तरीसुद्धा पोस्टमन आमच्या इमारतीत शिरताना आधी वर बघून घ्यायचा.

त्यांचं सगळं आयुष्य लाँड्रीत गेलं. इस्पितळाच्या चादरी धुऊन इस्त्री करून द्यायची लाँड्री. तिथली इस्त्री पायाने दाबायची असे. उजव्या पायाने पट्टी दाबायची आणि सगळं शरीर डाव्या पायावर तोलायचं, असं एकतीस वर्षं. त्यामुळे म्हातारपणी डावा खुबा झिजला यात नवल नव्हतं. नवल पुढे घडलं.

एकोणीसशे ब्याण्णवच्या उन्हाळ्यात त्यांना जिना चढताना मधे बसावं लागू लागलं. त्र्याण्णवच्या सप्टेंबरात डॉक्टर फॉस यांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली आणि आदल्या आठवड्यात एका उंच, वाकून चालणाऱ्या माणसाला घेऊन आले. त्याचं नाव हेनिंग ब्राक, इस्पितळाच्या प्रयोगशाळेतला इंजिनियर. त्याने पिशवीतून धातूचा खुबा काढून बाईंच्या हातात ठेवला.

"दिसायला नेहमीसारखाच आहे," ब्राक म्हणाला. "पण याची मान आतून पोकळ आहे. आत भार मोजणाऱ्या पट्ट्या आहेत आणि एक छोटा प्रेषक. तुम्ही चाललात की हाडावर किती भार येतो ते हा बिनतारी सांगतो."

"म्हणजे माझ्या ढुंगणात रेडिओ?"

डॉक्टर फॉस खिडकीबाहेर बघू लागले. ब्राकचे कान लाल झाले.

"तसंच म्हणायचं."

"आणि बॅटरी संपली की? पुन्हा कापणार?"

"बॅटरीच नाही. मांडीभोवती तारेचं वेटोळं बांधलं की त्यातून आत वीज पोचते. वेटोळं काढलं की हा गप्प."

"हे बरं आहे. माझ्या नवऱ्याला असं काही बसवता आलं असतं तर!" बाईंनी खुबा हातात जोखला. "एक सांगा. हा बसवून मला चौथा मजला चढता येईल?"

"साध्या खुब्याने जेवढं जमेल तेवढं याने जमेल."

"मग बसवा. आणि स्टेशन नीट लावा, मला लोकगीतं आवडत नाहीत."

अशा रीतीने लेम्निट्सबाई जगातल्या मोजक्या माणसांत जाऊन बसल्या, ज्यांचं हाड बोलत होतं. आमच्या चौकात याची दोन दिवस चर्चा झाली आणि तिसऱ्या दिवशी कचऱ्याच्या डब्याला झाकण कुणी लावलं नाही या विषयावर मंडळी परतली.

शस्त्रक्रियेनंतर दर दुसऱ्या गुरुवारी त्या प्रयोगशाळेत जायच्या. तिथे ब्राक त्यांच्या मांडीला पट्टा बांधायचा, कॅमेरा सुरू करायचा आणि सांगायचा: चाला, बसा, उठा, एका पायावर उभ्या राहा, या पाच पायऱ्या चढा. चालतानाचं चित्र आणि खुब्याचे आकडे एकाच फितीवर उतरायचे. बाजूच्या पडद्यावर रेघ वरखाली नाचायची. शंभर म्हणजे बाईंच्या अंगाचं वजन. साधं चालताना रेघ अडीचशेपर्यंत जायची, म्हणजे वजनाच्या अडीचपट. जिना चढताना तीनशेच्या आसपास.

पहिल्यांदा पडदा दिसला तेव्हा बाईंनी ठरवलं की चांगले मार्क मिळवायचे. त्या पाऊल मोजून, पोट आत ओढून, श्वास धरून चालल्या. आकडा तीनशे वीस.

"यंत्र बिघडलंय," बाई म्हणाल्या.

"यंत्र ठीक आहे. तुम्ही सगळे स्नायू आवळून धरलेत. ते आवळले की खुबा दोन्हीकडून चेपला जातो. आता चालता चालता मला काहीतरी सांगा. काल काय जेवलात?"

"बटाट्याचं सॅलड आणि दोन बुलेटन. खिम्याचे ते गोळे तुमच्या इस्पितळात करतात ना, तसे पावाने भरलेले नाहीत हं. माझ्या गोळ्यांत मांस असतं. तुमचा तो आचारी मांस काय फक्त दुरून दाखवतो का हो गोळ्याला?"

आकडा दोनशे चाळीस. ब्राकने पडद्याकडे बोट दाखवलं. आपला खुबा आपल्या मर्जीत नाही हे बाईंना त्या दिवशी कळलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही.

इकडे मारेनने वेगळीच मोहीम उघडली होती. श्पांडाऊला वृद्धांसाठी एक इमारत झाली होती. तळमजल्यावर खोली, खोली उबदार ठेवायला भिंतीत गरम पाण्याचे नळ, बाथरूममध्ये धरायला दांडे. दर रविवारी कॉफी आणि केकच्या वेळी ती माहितीपत्रक टेबलावर ठेवायची आणि बाई त्यावर कॉफीचं भांडं ठेवायच्या.

"आई, अठ्ठ्याऐंशी पायऱ्या आहेत."

"मला माहीत आहेत. माझी पाळी आली की झाडते मी त्या."

"आणि कोळसा?"

"कोळसा खालच्या मजल्यावरचे कुबाला आणून देतात."

"कुबाला? त्यांना तर दम्याने—"

"दमा उन्हाळ्यात असतो," बाई म्हणाल्या आणि केकचा दुसरा तुकडा मुलीच्या ताटलीत टाकला.

शेवटी दोघींत तह झाला. खुबा बसवून दुसरा हिवाळा संपत आला की डॉक्टर फॉस यांनी सांगायचं. ते राहा म्हणाले तर मारेनने माहितीपत्रक पुन्हा आणायचं नाही. ते नको म्हणाले तर बाईंनी श्पांडाऊला जायचं, कुरकुर न करता. बाईंनी शब्द दिला. त्यांनी दिलेला शब्द मोडल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं, म्हणून मारेन निर्धास्त होती.

शब्द मोडणाऱ्यातल्या त्या नव्हत्या, पण खोटं मात्र बोलून बसल्या होत्या. प्रयोगशाळेच्या फॉर्मवर सतरावा प्रश्न होता: घरातील जड वस्तू कोण उचलतं? तिथे त्यांनी लिहिलं होतं: 'शेजारी, श्री. कुबाला, दुसरा मजला.' सुवाच्य अक्षरात. आमच्याकडे फॉर्मवर सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या गोष्टीबद्दल पुन्हा विचारायची पद्धत नाही. डॉक्टर फॉस यांनी पाच किलोच्या वर काही उचलायला बंदी केली होती, आणि फॉर्म म्हणत होता की बाई काही उचलत नाहीत. फाइल बंद.

खरं काय ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कुबाला पूर्वी पुलांना रंग द्यायचे, आणि त्या रंगाने त्यांची फुप्फुसं खाल्ली होती. दुसऱ्या मजल्यावर पोचायला त्यांना पंधरा मिनिटं लागायची. त्यांचा कोळसा लेम्निट्सबाई आणायच्या. रोज सकाळी तळघरातून एक बादली कुबालांच्या दारात आणि एक स्वतःच्या घरी. कोळशाच्या दाबलेल्या विटा, बादलीत अठरा, दहा किलोच्या आसपास. नवा खुबा बसवल्यावर दोन महिने त्यांनी खंड पाडला. त्या दोन महिन्यांत कुबाला ओव्हरकोट घालून झोपले. मग डिसेंबरात एका सकाळी बाई बादली घेऊन त्यांच्या दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "तोंड मिटा, गारठा आत जातोय." एवढंच. सव्वीस वर्षांचे शेजारी, पण एकमेकांना अजूनही अहो-जाहो करत होते.

पंच्याण्णवच्या फेब्रुवारीत डॉक्टर फॉस म्हणाले की प्रयोगशाळेतल्या पाच पायऱ्या बघून मी चार मजल्यांचं कसं सांगू? ब्राक, तुमचं यंत्र त्यांच्या घरी घेऊन जा. ब्राकने यंत्राची पेटी खांद्यावर अडकवली, गळ्यात कॅमेरा घातला आणि एका मंगळवारी सकाळी नऊ वाजता आमच्या चौकात हजर झाला. बाईंनी सकाळीच दोन्ही बादल्या वर पोचवून टाकल्या होत्या, साडेसहाला, कुणी बघायच्या आत. कपडे बदलून, केस विंचरून त्या खाली आल्या.

पट्टा बांधून झाला. ब्राक दोन पायऱ्या मागे, कॅमेरा बाईंच्या पाठीवर रोखलेला. पहिला मजला व्यवस्थित पार पडला. दुसऱ्या मजल्यावर पावलांचा आवाज ऐकून कुबालांनी दार उघडलं.

"लेम्निट्सबाई, बरं झालं तुम्ही भेटलात," ते धापा टाकत म्हणाले. "आजची बादली जरा ओली लागली. विटा पेटेनात. उद्या आणाल तेव्हा भिंतीकडच्या ढिगातल्या आणा ना. आणि अहो, दोन दोन बादल्या लागोपाठ नका आणत जाऊ, मला वर आवाज येतो तुमच्या कण्हण्याचा."

ब्राकच्या गळ्यातला कॅमेरा घरघरत होता.

"हे कोण?" कुबालांनी विचारलं.

"हे इस्पितळातले," बाई म्हणाल्या. "आणि हे," त्या ब्राककडे वळल्या, "श्री. कुबाला. सतरावा प्रश्न."

कुबालांना काही कळलं नाही. ब्राकला सगळं कळलं. तो भला माणूस. त्याने कॅमेरा खाली केला आणि म्हणाला, "आवाज पुसता येतो फितीवरचा."

बाई कठड्याला धरून उभ्या होत्या. बिंग फुटलं होतं, तेही ज्याच्यासाठी इतकं केलं त्याच्याच तोंडून. त्यांना कुबालांचा राग आला, मग स्वतःचा आला.

"किती दिवस उचलताय?" ब्राकने विचारलं.

"दुसरा हिवाळा."

"कुठल्या हातात?"

"हा काय प्रश्न झाला? उजव्या. खुबा डावा आहे. दुखऱ्या बाजूला वजन कोण घेईल? आणि कठडा डावीकडे आहे."

ब्राकने पेटी खाली ठेवली. त्याच्या डोळ्यांत आता वेगळीच चमक आली होती. ही चमक बाईंनी लाँड्रीतल्या यंत्र दुरुस्त करणाऱ्यांच्या डोळ्यांत पाहिली होती. समोरच्या माणसाचं काय होणार आहे याच्याशी तिचा काही संबंध नसतो.

"लेम्निट्सबाई, तुमच्यासारखा खुबा घेऊन कोळसा वाहणारं दुसरं कुणी नाही. मोजू या?"

"मोजलं की डॉक्टरना कळणार."

"हो."

"आणि मग मला श्पांडाऊ."

"ते मला नाही सांगता येत. कदाचित आकडा वाईट नसेलही."

बाईंनी थोडा वेळ विचार केला. आकडा चांगला निघाला तर चोरी करायची गरजच उरणार नाही, उजळ माथ्याने वाहता येईल. त्या तळघरात गेल्या आणि बादली भरून आल्या. भिंतीकडच्या ढिगातली.

पहिली फेरी नेहमीसारखी. उजव्या हातात बादली, डावा हात कठड्यावर. वर पोचल्यावर ब्राकने पेटीचं झाकण उघडून छोटा पडदा बघितला. तीनशे ऐंशी. मोकळ्या हातांनी दोनशे नव्वद होता.

"वाईट?"

"जास्त आहे. आता बादली डाव्या हातात घ्या."

"डोकं फिरलंय का तुमचं? डाव्या बाजूलाच तर धातू आहे!"

"म्हणूनच. उजवीकडे वजन लोंबलं की अंग त्या बाजूला कलंडायला बघतं. ते सावरायला डाव्या खुब्याच्या स्नायूंना ओढावं लागतं, आणि ती सगळी ओढ खुब्यावर येते. डावीकडे धरलंत तर वजनच तोल सांभाळेल. निदान कागदावर तरी असंच निघतं. माणसाच्या अंगात बघितलेलं नाही कुणी."

बाईंनी त्याच्याकडे असं बघितलं की जणू तो त्यांना पायांऐवजी हातांवर चालायला सांगत होता. पण पुन्हा खाली गेल्या आणि बादली डाव्या हातात घेतली. कठडा सुटला. उजवा हात भिंतीवर टेकवत त्या चढू लागल्या. पहिला मजला, दुसरा मजला. कुबाला दार किलकिलं करून बघत होते. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर, जिथे पायरी मधोमध झिजून खोलगट झाली आहे, तिथे त्यांची चप्पल अडकली. त्या पुढे झुकल्या, डावं पाऊल जोरात पडलं, भिंतीला खांदा घासला, आणि सावरल्या. दोन विटा बादलीतून उडून गडगडत खाली गेल्या. बस. दुखलं नाही, खरचटलं नाही. ब्राकला मागून फक्त पाठ हललेली दिसली.

"लागलं?"

"काही नाही झालं. विटा उचला."

वर स्वयंपाकघरात बाईंनी कॉफी टाकली. ब्राकने फीत मागे नेऊन पडद्यावर लावली.

"डाव्या हाताने," तो म्हणाला आणि त्याचा आवाज चढला, "तीनशे! तीनशे, लेम्निट्सबाई! जवळजवळ मोकळ्या हातांइतका!"

बाई खुर्चीत बसल्या. त्यांना हसू फुटलं, मोठ्याने, पोट धरून. दोन हिवाळे आपण चुकीच्या हातात वाहिलं म्हणून हसू, आणि घर वाचलं म्हणूनही. जीव भांड्यात पडला होता. त्यांनी मनातल्या मनात मारेनचं माहितीपत्रक शेगडीत घालूनही टाकलं.

"मग झालं की! डाव्या हातात धरते. डॉक्टरना सांगा, हिला..."

त्या थांबल्या, कारण ब्राकचं लक्ष त्यांच्याकडे नव्हतं. पडद्यावरची रेघ पुढे सरकली होती आणि एका ठिकाणी सरळ वर, पडद्याच्या काठापर्यंत गेली होती. ब्राकने फीत मागे घेतली आणि पुन्हा चालवली. रेघ पुन्हा तिथेच गेली.

"हे काय?"

"तुमची ठेच."

"किती?"

"सातशे साठ."

बाईंनी हिशेब केला. चौसष्ट किलो, साडेसातपट. जवळजवळ पाचशे किलो. लाँड्रीतल्या मोठ्या यंत्राएवढं वजन आपल्या एका हाडावर बसलं आणि आपल्याला पत्ताही नाही. फक्त या मेल्या खुब्याने चहाडी केली.

"पडले नाही मी."

"पडायची गरज नसते. सावरण्यातच जातं ते. इतका मोठा आकडा मी आजवर पाहिला नाही." ब्राकने कॉफीचा पेला हातात धरला होता, पीत नव्हता. मग तो खाली बघत म्हणाला, "अर्ध्या सेकंदाचा आहे. कधीकधी अँटेना हलली की अशी रेघ उडते. तशी नोंद करता येते. संकेतात गडबड, म्हणून."

"आणि मग?"

"मग डॉक्टर फॉसना डाव्या हाताचे तीनशे दिसतील."

बाई उठून खिडकीपाशी गेल्या. खाली चौकात कुणीतरी सायकल लावत होतं. चौकातलं एकुलतं एक मेपल अजून उघडं होतं, त्याची पालवी एप्रिलच्या शेवटी या खिडकीच्या उंचीला यायची. एर्विन याच खिडकीत बसून दाढी करायचा. त्यांना हे घर हवं होतं. खूप हवं होतं.

"ते आकडे कशाला लागतात तुम्हाला?" त्यांनी पाठमोऱ्यानेच विचारलं.

"पुढचे खुबे बनवायला. किती मजबूत हवा ते ठरवायला. आपण तीनशे म्हणालो तर बनवणारे तीनशेला पुरेल असा आणि थोडा वर बनवतात."

"आणि एखादीला सातशे साठची ठेच लागली की?"

ब्राकने पेला खाली ठेवला.

बाई वळल्या. आता त्यांचा नेहमीचा आवाज परत आला होता.

"ऐका, ब्राकसाहेब. एकतीस वर्षं मी ऑपरेशनच्या चादरी इस्त्री केल्या. डाग राहिला तर परत टबात टाकायची, शनिवारी घरी जायची वेळ झाली असली तरी. मुकादम म्हणायचा, एवढासा तर आहे, घडीत जाईल. घडीत जातो हो! पण चादर उघडतात तेव्हा तिच्यावर कोण झोपणार ते मला कुठे ठाऊक? फॉर्मवर मी खोटं लिहिलं. ते माझं खोटं, माझ्या घरासाठी, त्याची लाज माझी मला. पण यंत्राने खरं सांगितलंय ते तुम्ही खोटं करायचं नाही. माझ्यासाठी तर नाहीच."

"तुम्हाला घर सोडावं लागेल."

"ते मला कळतं. मी म्हातारी आहे, मठ्ठ नाही. कॉफी प्या, थंड होतेय."

डॉक्टर फॉस यांनी फीत तीनदा पाहिली. डाव्या हाताचं निघालं ते फार महत्त्वाचं आहे, असं ते म्हणाले. खुबा बदललेल्या प्रत्येक माणसाला यापुढे सांगितलं पाहिजे की ओझं त्याच बाजूला धरा. मग म्हणाले की ओझं डावीकडे धरलं तर कठडा सुटतो, कठडा धरला तर ओझं चुकीच्या हातात जातं, आणि तुमची पायरी झिजलेली आहे. चौथा मजला नको. हे सांगताना त्यांना वाईट वाटत होतं, आणि ते चेहऱ्यावर दिसत होतं. बाई म्हणाल्या, "तोंड पाडू नका, मी विचारलं म्हणून सांगितलंत."

मारेनला त्यांनी स्वतः फोन केला. मारेन जिंकली होती, पण तिला ते साजरं करता आलं नाही. बाईंनी ठेचेचंही सांगितलं आणि कुबालांच्या बादलीचंही.

"आई, रडू नकोस," मारेन म्हणाली.

"मी कुठे रडतेय? तूच रडतेयस."

दोघीही रडत होत्या.

जायच्या आधी बाईंनी कुबालांचा बंदोबस्त केला. आमच्या इमारतीत जिना झाडायची पाळी लाकडी पाटीने चालते. ज्याच्या दारावर पाटी, त्याचा आठवडा, आणि झाडून झालं की पाटी पुढच्या दारावर अडकवायची. बाईंनी तसलीच दुसरी पाटी केली आणि तिच्यावर लिहिलं: 'कोळसा, कुबाला. रोज एक बादली, सकाळी सातच्या आत. भिंतीकडच्या ढिगातल्या विटा.' पहिल्यांदा ती माझ्याच दारावर लागली. नाही म्हणायची कुणाची छाती झाली नाही. कुबाला त्या दिवशी पंधरा मिनिटं नाही, जवळजवळ अर्धा तास लावून चौथ्या मजल्यावर चढले आणि दारात उभे राहून म्हणाले, "एडेलट्राउड, माझं तोंड बंद ठेवायला हवं होतं गं मी."

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा ते असं एकेरी बोलले.

"तुला काय माहीत होतं?" बाई म्हणाल्या. "बस आत. दम खा आधी."

एप्रिलच्या शेवटच्या शनिवारी गाडी आली. जावयाने आणि आम्ही चौघांनी सामान उतरवलं. शेगडी तिथेच राहिली, ती भिंतीतली. बाईंनी फरशी झाडली, खिडकीची काच पुसली, मेपलकडे एकदा बघितलं आणि दार ओढून घेतलं.

जिन्याच्या तोंडाशी ब्राक उभा होता. खांद्यावर पेटी, हातात पट्टा. शनिवारी तो कामावर नसतो.

"मला माहीत आहे, दिवस बरा नाही हा," तो म्हणाला. "पण श्पांडाऊला जिना नाही. चार मजले सलग उतरतानाचं मोजमाप आमच्याकडे एकही नाही. आणि आता पुन्हा..."

बाईंनी पट्ट्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे. त्या चिडल्या नाहीत. दीड वर्षात या माणसाचा त्यांना लळा लागला होता.

"ब्राकसाहेब, तुम्ही मागितलंत ते सगळं दिलं. चालणं दिलं, बसणं दिलं, एका पायावर उभी राहिले तेही दिलं. ठेच लागली तीही दिली. गुरुवारी येईन, म्हणाल तेवढी चालेन. पण हे उतरणं माझं आहे. हे मी देणार नाही."

ब्राकने मान हलवली आणि पट्टा पेटीत ठेवला. बाजूला होऊन त्याने वाट दिली. बाईंनी कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाऊल ठेवलं, आणि आम्ही सगळे खाली चौकात त्यांची वाट बघत थांबलो. त्या अठ्ठ्याऐंशी पायऱ्या उतरताना त्यांच्या खुब्यावर किती भार आला याची नोंद कुठेही नाही.